आत्याबाईंचं कपाळ

विमलताई, पदराच्या वादात मीच बरोबर होते, हे आधी लिहून टाकते. बावीस वर्षं तुम्ही मला या एका मुद्द्यावर धड बोलू दिलं नाहीत. मी तोंड उघडलं की तुमचं ठरलेलं वाक्य यायचं, "वृंदा, तू बोळे वळ, पदर मी बघते." आता उलट बोलायला तुम्ही नाही आहात आणि जिंकल्याचा आनंद काही केल्या होत नाही. भांडायला समोर माणूस लागतं, हे मला या वयात कळलं.

तुम्ही जाऊन अजून महिना व्हायचा आहे. परवापर्यंत मी रोज वडोदऱ्यात हरणीला तुमच्या फ्लॅटवर जात होते. तुमचा भाचा म्हणायचा, "मावशी, तुम्ही आराम करा ने, सामान आम्ही आवरू." त्याला काय सांगणार? तुमच्या कामाच्या खोलीत चित्राच्या घोडीवर एक बाई बसली होती, अर्धं कपाळ धुतलेली. तिला तशीच टाकून घरी आराम करणं मला जमणारं नव्हतं.

वेणूबाईंची गोष्ट तुमच्याइतकी रंगवून कुणी सांगत नसे. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, नोकरीचा दुसरा दिवस होता, आणि जुनी चित्रं दुरुस्त करायची म्हणजे काय ते मला ओ की ठो माहीत नव्हतं. तुम्ही काडीला कापसाचा बोळा वळलात, जिभेवर ओला केलात आणि एका सरदारणीच्या गालावरून हलकेच फिरवलात. मी बघतच राहिले. "थुंकीसारखं औषध नाही," तुम्ही म्हणालात, "आणि हिला राग येणार नाही. हिला काढणारी बाई आपल्यासारखीच होती." मग काम करता करता तुम्ही सांगत गेलात.

संस्थानच्या बांधकामखात्यात नकाशे काढणाऱ्या कारकुनाची ही मुलगी. सतराव्या वर्षी कपाळ पांढरं करून माहेरी परत आली. वडील शहाणे, त्यांनी तिचे केस काढू दिले नाहीत. ते गेल्यावर भावानंही तिला सांभाळलं. घरात शाई होती, रेघा आखायच्या पट्ट्या होत्या, रंगाच्या वड्या होत्या. तसबिरी काढायला आलेला एक चितारी वडिलांच्या ओळखीचा होता. तो ओटीवर बसून शिकवायचा आणि ही दाराआड बसून शिकायची. त्यानं तिचं तोंड कधी पाहिलं नाही, फक्त दाराच्या फटीतून सरकवलेले कागद पाहिले. "आणि त्या कागदांवरनं त्याला कळलं, की शिकवायला आता आपल्याकडे काही उरलं नाही," असं म्हणून तुम्ही थांबायचात. दर वेळी त्याच जागी थांबायचात आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा.

सरदारांच्या, मानकऱ्यांच्या बायका पडद्यात. पुरुष चिताऱ्याला आत जायची सोय नाही. वेणूबाईंना होती. शुभकार्यात जिला कुणी समोर येऊ देत नव्हतं, तिला माजघराची दारं उघडी होती. नव्या नवरीचं चित्र काढायला तिला कधी बोलावलं नाही. पण सासवा, थोरल्या जावा, बाळंतिणी, म्हाताऱ्या आत्या तिनं काढल्या. आणि त्या बायकांना नुसतं बसायला वेळ कुठला? म्हणून ती त्यांना म्हणायची, तुमचं काम चालू द्या. कुणी तांदूळ निवडतेय, कुणी वाती वळतेय, कुणी मांडीवरच्या पोराला थोपटतेय. हात आधी काढायचे, कारण काम संपलं की हात उठून जातात. तोंड मागून.

वेणूबाईंनी एकाही चित्रावर सही केली नाही, म्हणून तुम्ही त्यांना हातांवरून शोधलंत. कुणाच्या घरी गेलात की चित्रासमोर उभं राहून आपला पंजा चित्रातल्या तोंडावर धरायचात आणि फक्त हात बघायचात. घरच्यांना वाटायचं, बाईंचं काही तरी बिनसलंय. तुम्ही मात्र एकदम म्हणायचात, "हिचंच." एक चित्र गव्हाच्या कोठीवर झाकण म्हणून सापडलं. एक कपाटाच्या पाठीला ठोकलेलं होतं, खिळा बरोबर बाळाच्या टाळूतून गेलेला. ते पाहून तुम्ही त्या घरच्या यजमानांना जे बोललात ते लिहिण्यासारखं नाही. तीसएक वर्षं सुट्टीच्या दिवशी, रजा काढून, पदरमोड करून तुम्ही हे केलंत. चित्रकलेतली जाणती मंडळी "घरगुती काम आहे" म्हणून मान हलवायची. तुम्ही म्हणायचात, "घरात केलंय, घरगुतीच असणार. त्यातला हात बघा."

तुमची एकच हळहळ होती. वेणूबाईंनी इतक्या जणींची तोंडं राखली, पण त्यांचं स्वतःचं तोंड कुठेच नाही. फोटो नाही, रेघ नाही. "ती दिसायला कशी होती, एवढं कळलं तरी मी सुखानं डोळे मिटेन," हे तुमचं नेहमीचं. आणि ती तर डभोईला बसली होती. तुमच्या डोळ्यांसमोर. बावीस वर्षं.

आठवतंय ना? वेणूबाईंच्या भावाचं घराणं पुढे डभोईला स्थायिक झालं, हे कळल्याबरोबर तुम्ही मला घेऊन बसनं निघालात. देवघराबाहेरच्या बोळात ते चित्र टांगलेलं. दिव्याच्या काजळीनं आणि काळवंडलेल्या रोगणानं मानेखालचं सगळं तव्याच्या बुडासारखं झालेलं. दिसत होतं एवढंच: एक उतरत्या वयाचा, करारी चेहरा, डोक्यावरून पदर, तो पदर उजव्या खांद्यावर आणि कपाळावर मसुरीएवढं जाड कुंकू. यजमान, त्यांना सगळे नाना म्हणायचे, खुर्चीत बसून म्हणाले, "असेल कुणी शेजारीण. आमची आजी तसंच सांगायची." शांताकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. तुम्ही वहीत लिहिलंत: गुजराती शेजारीण, सवाष्ण, उजवा पदर.

मी बसमध्ये म्हटलं, "ताई, आरशात बघून काढलं असेल तर? आपला डावा पदर आरशात उजवा दिसतो." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, की मी खिडकीबाहेर बघायला लागले. "आणि कुंकू? विधवा बाई स्वतःला कुंकू काढेल? वेणूबाई रंगात खोटं बोलणारी नव्हती." मी म्हटलं, मनात असेल ते काढलं असेल तिनं, हौस असेल. "हौस!" तुम्ही इतक्या मोठ्यानं म्हणालात, की पुढच्या सीटवरचे काका दचकले. तिथून जो वाद सुरू झाला तो पुढे बावीस वर्षं पुरला. चहाला, गणपतीला, माझ्या मुलीच्या लग्नातसुद्धा.

आता जे लिहायचंय ते मी तुमच्याशी कधी बोलले नाही. तुम्हीही कधी विषय काढला नाहीत.

माझं लग्न झालं त्या वर्षीचा चैत्र. आम्ही फतेगंजला राहायचो. सासूबाईंनी माझं पहिलं हळदीकुंकू थाटात करायचं ठरवलं. पन्हं, आंब्याची डाळ, ओटीत भिजवलेले हरभरे. बायका ओळीनं बसल्या होत्या, मी करंडा घेऊन एकीपासून दुसरीकडे सरकत होते. आणि तुम्ही आलात. बोलावणं नव्हतं. मी कापसाची पिशवी कामावर विसरले होते, जाताजाता द्यावी म्हणून आलात. सासूबाईंनी "या ना, बसा" म्हटलं आणि तुम्ही रिकाम्या जागी, ओळीतच बसलात. तुमच्या कपाळावर काही नसायचं. यजमान गेल्यापासून तुम्ही टिकलीही लावत नव्हतात. कुणी विचारलं तर म्हणायचात, "कपाळ आहे, नोटीसबोर्ड नाही."

मी तुमच्यापर्यंत आले. करंड्यात बोट बुडवलेलं होतं. सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान किंचित नकारार्थी हलवली. आणि ताई, मी तुम्हांला ओलांडून पुढच्या बाईकडे गेले.

तुम्ही मांडीवरची पिशवी सरळ केलीत. डाळ खाल्लीत. उठताना मला म्हणालात, "मीठ कमी आहे गं." दुसऱ्या दिवशी कामावर, "बोळे वळलेस का?" एवढंच. मी वळले होते. सकाळपासून तेच करत होते, ढीगभर. तुम्ही त्या ढिगाकडे पाहिलंत आणि हसलात. तुम्ही रागावला असतात तर मी सुटले असते.

मागच्या पावसाळ्यात डभोईच्या घराचं छत गळलं आणि नाना गेल्यापासून घर चालवणाऱ्या शांताकाकूंनी चित्र आपणहून हरणीला पाठवलं. तुम्ही ऐंशी पार केलेली, हाताला कंप. बोळा माझ्या हातात आणि नजर तुमची, असं ठरलं. तुमच्या नेमाप्रमाणे हातांपासून सुरुवात. पाचव्या दिवशी काळोखातून बोटं वर आली. त्या हातात तांदूळ नव्हते, वाती नव्हत्या. कुंचला होता, डाव्या हातात. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "डावखुरी असेल. शेजारीण शिकत असेल तिच्याकडे." इतका हट्टी माणूस मी जन्मात पाहिला नाही.

मग कपाळ. तुमचं म्हणणं असं, की वरचं कुंकू घरच्या बायकांनी लावलेलं आहे, हे उघड आहे. ते काढलं की खाली वेणूबाईंनी रंगवलेलं कुंकू निघेल आणि वृंदाचं तोंड बंद होईल. मी काढू लागले. थरावर थर. प्रत्येक थराखाली मेण, जुन्या पद्धतीनं आधी मेण आणि त्यावर कुंकू. डावीकडून अर्धं निघालं आणि माझा हात थांबला. खाली कुंकू नव्हतं. काही नव्हतं. नुसतं कपाळ होतं.

आणि काय कपाळ, ताई! बाकीचा चेहरा शंभर वर्षांच्या काजळीनं पिवळा पडलेला, आणि मेणाखालचा तो अर्धा चंद्र जसा तिनं लावला तसा होता. गव्हाळ, ओलसर, जिवंत. वाटलं, बोट लावलं तर ऊब लागेल. साऱ्या चित्रात वेणूबाईंचा खरा रंग तेवढ्याच जागी राहिला होता, जिथे कुणीतरी दर वर्षी बोट टेकवत होतं. तिनं स्वतःला काढलं होतं, आरशात बघून, आणि कपाळ जसं होतं तसंच कोरं काढलं होतं. म्हणजे पदराचं माझं बरोबर आणि हौसेचं साफ चूक. रंगात ती खोटं बोलली नव्हती.

"थांब," तुम्ही म्हणालात. तुमचा कापरा पंजा उचललात, चित्रातलं तोंड झाकायला नाही, आपल्याच तोंडावर ठेवायला. वरून विमान गेलं, खिडकीची तावदानं थरथरली. मग म्हणालात, "हे का लावतात, ते विचारायला हवं होतं. आणि मी विचारलं कुणाला? नानांना!" बायकांना कुणी विचारत नाही, म्हणून आयुष्यभर जगाशी भांडलेल्या तुम्ही, डभोईला त्या दिवशी खुर्चीतल्या माणसाला विचारून वहीत लिहून घेतलं होतंत. चहाचा ट्रे धरून जी उभी होती तिला नाही.

शांताकाकूंना आपण विचारलं ते दिवाळीनंतर. त्यांनी आपल्याला स्वयंपाकघरात नेलं, सूनबाई हेतलला म्हणाल्या, "दार ओढ." मग सांगितलं.

"अहो, या कोण ते आम्हांला माहीत होतं. म्हणून तर लावायचं. आजेसासूबाई म्हणजे वेणूआत्यांची वहिनी. दोघींचा जीव एकमेकींवर. एका ताटात जेवायच्या. पण चैत्राचं हळदीकुंकू असलं की आजेसासूबाई आत्याबाईंना आतल्या खोलीत बसवून स्वतःच्या हातानं कडी घालायच्या. आत्याबाई आत बसून चित्र काढायच्या. हे चित्र तिथेच काढलेलं, कडी घातलेल्या खोलीत, दर चैत्रात थोडं थोडं."

तुम्ही काकूंचा हात धरलात.

"आत्याबाई गेल्या आणि आजेसासूबाईंना ते चित्र दिसलं. त्या वर्षी बायका यायच्या आधी त्यांनी पहिलं बोट आत्याबाईंना लावलं. जिवंतपणी धीर झाला नाही म्हणाल्या, माझ्या हातानं कडीच घातली. घरातले पुरुष विचारतील म्हणून सांगून ठेवलं, शेजारीण आहे, गुजराती, पदर बघा ना. मी नवी आले तेव्हा त्यांनी माझ्या हातात करंडा दिला. म्हणाल्या, आधी तिला, मग बाकीच्यांना."

हेतल ओट्याशी उभी होती. ती म्हणाली, "मला पण सांगितलं मम्मींनी. मी तर पहिल्या वर्षी रडलीच, साचू कहूं, खरं सांगते."

म्हणजे ताई, तुमची गुजराती शेजारीण एका बाईनं रचलेली होती, घरातल्या पुरुषांना फसवायला. आणि तिनं तुम्हांलाही फसवलं. परत येताना बसमध्ये तुम्ही याच गोष्टीवर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलात. "कसली बाई असेल गं! मेल्यावरसुद्धा वाट चुकवली तिनं माझी." मी हसले नाही. "जिवंतपणी धीर झाला नाही" हे वाक्य मी मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते. तुम्ही शेजारी होतात, खांद्याला खांदा लावून. वडोदरा यायला अजून अर्धा तास होता. तेवढ्यात बोलता आलं असतं. मी म्हटलं, "पाणी देऊ?" तुम्ही माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलंत. मग "दे" म्हणालात.

त्यानंतर तुम्ही मला त्या कपाळाला हात लावू दिला नाहीत. उरलेलं अर्धं काढायचं की ठेवायचं, यावर आपण पुन्हा भांडलो. मी म्हणायची, तिनं कोरं काढलं ते तिचं म्हणणं, ते लोकांना दिसू दे. तुम्ही म्हणायचात, आणि या बायकांचं म्हणणं? ते बोळ्यानं पुसून कचऱ्यात टाकणार? ठरलं काहीच नाही. मग तुम्ही आजारी पडलात. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तुम्ही बोलायचात ते औषधांबद्दल आणि चहा पांचट असल्याबद्दल. मी विचारलं नाही. आपल्याला अजून वेळ आहे, असं धरून चालले होते.

गेल्या आठवड्यात हेतलचा फोन आला. "काकू, मम्मी विचारते, चैत्राच्या हळदीकुंकवाला आत्याबाई घरी येतील ने?"

मी हो म्हटलं. तुम्हांला न विचारता केलेलं हे माझं पहिलं काम. उरलेलं अर्धं मी काढलं, पण बोळ्यानं पुसलं नाही. मेणासकट पातळ पापुद्रा सुरीनं अलगद उचलला आणि तुमच्या रंगांच्या रिकाम्या डबीत ठेवला. चौकटीला काच बसवली, चित्रापासून बोटभर अंतर सोडून.

काल सकाळी डभोईला शांताकाकूंनी बायका यायच्या आधी करंडा उघडला. हेतलनं काचेवर बोट टेकवलं, बरोबर कपाळाच्या मधोमध. समोर उभं राहिलं की वेणूबाईंना कुंकू आहे. जरा बाजूला सरकलं की कपाळ कोरं, तिनं काढलं तसं. काकू दोनतीनदा इकडून तिकडे सरकून बघत राहिल्या. मग त्यांनी पदराचा शेव तोंडाला लावला. मी तोपर्यंत स्वतःला सावरून धरलं होतं, पण ते पाहून मला राहवलं नाही.

ताई, तुम्हांला हवं होतं ते तोंड आता आहे. ती करारी आहे, ओठ मिटलेले आहेत आणि हनुवटीवर डावीकडे खळी आहे. तुम्ही बघून घेतलंत, हे माझं समाधान.

कालच संध्याकाळी मी थेट हरणीला आले. तुमच्या फोटोला भाच्यानं हार घातलाय, काचेवर गंध लावलंय. मी गंध पुसलं. डबी उघडली. तो अर्धा पापुद्रा बोटावर चुरला आणि काचेवर तुमच्या कपाळाच्या जागी टेकवला; डभोईच्या किती बायकांचा हात त्यात आहे, देव जाणे. तुम्हांला हे आवडलं असतं की नाही, मला खरंच माहीत नाही. नको असेल तर सांगा. काचेवरच आहे, एका बोळ्यात निघेल.

त्या दिवशी फतेगंजला तुम्हांला ओलांडून मी पुढच्या बाईकडे गेले होते. तेवढी एक जागा मागे यायला मला एकतीस वर्षं लागली. चुकले, ताई. काल मी तुमच्यापाशी थांबले.